अनमोड घाटातली कॉइल

पोस्ट मोठी आहे, दोन बैठकांत वाचली तरी चालेल. जुन्या गाड्यांची आवड असलेल्यांना मधला भाग आवडेल, बाकीच्यांनी तो भरभर वाचावा. पण गाळू नका, कारण शेवटचं त्याच्याशिवाय कळणार नाही.

बेळगावातल्या आमच्या जुन्या घरामागच्या शेडमध्ये एक अँबेसेडर उभी आहे. मार्क टू, १९६६ ची. वीस-बावीस वर्षं ती जागची हललेली नाही. इंजिन जाम, चारही टायर बसलेले, मागच्या सीटमध्ये उंदरांचं बिऱ्हाड. यंदा भावंडांनी मिळून घर रिकामं करायचं ठरवलं आणि भंगारवाला येण्याआधी डिकी बघायचं काम माझ्याकडे आलं. स्टेपनीशेजारी पत्र्याचा एक डबा निघाला. त्यात पाने, दोन जुने प्लग, आणि फडक्यात गुंडाळलेली एक इग्निशन कॉइल. दंडगोल, मुठीत कशीबशी मावेल एवढी. कंपनीचं नाव कधीच पुसलं गेलेलं. डोक्यावर दोन टोकं, त्यांच्याशेजारी एसडब्ल्यू आणि सीबी ही अक्षरं मात्र अजून वाचता येत होती.

ती कॉइल हातात घेतली आणि मी आठ वर्षांची झाले.

मे १९७४. आत्याचं लग्न, गोरज मुहूर्त. आजीचे सख्खे भाऊ, म्हणजे आत्याचे मामा, फोंड्याला राहायचे. नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं, त्यामुळे त्यांना आणायला गाडी पाठवायची हे ठरलेलंच होतं. घरात गर्दी, मी पायात पायात येत होते, म्हणून मलाही गाडीत बसवून दिलं. ड्रायव्हरकाका खानापूरकडचे, तिशीचे असतील. आदल्या दिवशी आम्ही गेलो, लग्नाच्या दिवशी परत निघालो. निघायला दुपारचे बारा वाजले, कारण मामाआजोबांना दुकानाची कुलपं लावायला वेळ झाला. ही गोष्ट नंतर आमच्या घरात कुणीच कधी बोललं नाही.

मोलें सोडलं की चढ सुरू होतो, तो अनमोडपर्यंत. मे महिना, भरलेली गाडी, पहिला-दुसरा गिअर. अर्ध्या घाटात गाडी बंद पडली. धापा नाही, झटके नाहीत, चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प. काकांनी बॉनेट उघडलं. हँडल मारून पाहिलं, काही नाही. मग त्यांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, लग्नाची पत्रिका हाय काय गं आत?"

पत्रिका मामाआजोबांच्या पिशवीत होती. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली. काका ती फाडायला निघाले तेव्हा मामाआजोबा भडकले, गणपती छापलेला कागद फाडतोस? काकांनी मागचा कोरा कोपरा नखाएवढा फाडला आणि डिस्ट्रिब्युटरच्या आत कुठेतरी सरकवला. खिशातून दोन वायरी जोडलेला एक बल्ब काढला, एक वायर बॉडीला धरली, दुसरी कॉइलच्या एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला. आणि म्हणाले, "हितं दिवा लागतोय, तितं लागंना. कॉइल तापली की मरतीया. मालकास्नी दोन हप्ते झालं सांगतोय."

खांद्यावरचा पंचा कॅनमधल्या पाण्यात भिजवून त्यांनी कॉइलला गुंडाळला. अर्ध्या-पाऊण तासानं गाडी चालू झाली. तीन-चार किलोमीटरवर परत बंद. असं चार वेळा. आम्ही बेळगावात पोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते, पंगती उठत होत्या. आत्याला बोहल्यावर शेजारच्या वाड्यातल्या काकांनी आणलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजला गेली. मिस्त्रीनं ठिणगी काढून दाखवली, चांगली निळी, जाड. "कॉइल ठणठणीत आहे." कार्बोरेटर साफ केला, पैसे घेतले. आजोबांनी अर्थ काढला तो असा : ड्रायव्हरला नव्या कॉइलमधलं कमिशन हवं होतं, त्यासाठी त्यानं वाटेत मुद्दाम गाडी बंद पाडून दाखवली, आणि त्यापायी मुलीच्या लग्नाला मामा नाही. ते दिवसही तसलेच. आदल्या हिवाळ्यापासून पेट्रोल भडकलेलं, बाजारात स्पेअरचा अस्सल माल कमी आणि डुप्लिकेट फार, त्यामुळे कुणी नवा पार्ट मागितला की मालकाच्या डोक्यात आधी संशयच यायचा. काकांचा हिशेब पुरा केला गेला. रविवार पेठेत आजोबांच्या शब्दाला वजन होतं, तो शब्द गावभर गेला.

आता कॉइलविषयी.

मी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवलं. आमच्या लॅबच्या कपाटात काळ्या लाकडी पायावरची एक रुमकॉर्फ कॉइल होती. तुमच्यापैकी ज्यांनी सायन्स केलंय त्यांना आठवेल, दोन पितळी गोळ्यांमधून तडतड ठिणग्या उडायच्या आणि मागच्या बाकावरची मुलं जागी व्हायची. दरवर्षी मी ती दाखवली. ती आणि अँबेसेडरची कॉइल ही एकाच वंशाची, हे मला माहीत होतं. आणि तरी एकतीस वर्षांत एकदाही अनमोड घाटातला तो दिवा मला आठवला नाही. ही चूक माझी, ती आधी सांगून टाकते.

वंश असा. आयर्लंडमधल्या मेनूथच्या कॉलेजात निकोलस कॅलन या धर्मगुरू-प्राध्यापकानं १८३६ मध्ये लोखंडावर जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे घातले. जाड तारेतला बॅटरीचा प्रवाह अचानक तोडला की बारीक तारेत जोराचा दाब उठतो, हे त्यानं दाखवलं. प्रवाह चालू असताना काही घडत नाही, तुटताना घडतं. पॅरिसमध्ये हाइनरिश रुमकॉर्फनं या कॉइलला नीट रूप दिलं. १८५३ मध्ये फिझोनं तिला कंडेन्सर जोडायला सांगितलं, म्हणजे प्रवाह जिथं तुटतो तिथली ठिणगी दबते, तोड स्वच्छ होते आणि दुसरीकडची ठिणगी वाढते. १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियननं रुमकॉर्फला ५०,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. तोवर, १८६० मध्येच, लेन्वारनं आपल्या गॅस इंजिनात असलीच कॉइल बसवली होती. १८८६ च्या बेन्झच्या तीनचाकीतही बॅटरी आणि थरथरणारी कॉइलच होती.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये, १९०८ ते १९२७, लाकडी खोक्यात चार कॉइल असायच्या, चार सिलिंडरना चार, प्रत्येकीची पट्टी मधमाशीसारखी गुणगुणायची. दुसरीकडे बॉशचा मॅग्नेटो, १९०२ पासूनचा, त्याला बॅटरीच नको. आपण अँबेसेडरमध्ये जी पद्धत पाहिली, म्हणजे एक बॅटरी, एक कॉइल, पॉइंट आणि ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर, ती चार्ल्स केटरिंगची. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. १९१२ च्या मॉडेलमध्ये त्याच माणसाचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचे दिवस सरू लागले. आपल्याकडे मात्र हँडल डिकीत पुढची साठ-सत्तर वर्षं राहिलं.

एसडब्ल्यू आणि सीबी या अक्षरांचा उलगडा सोपा आहे. ब्रिटिश घराण्यातल्या गाड्यांच्या कॉइलवर ती असायची. एसडब्ल्यू म्हणजे स्विचकडून येणारी वायर, सीबी म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकरकडे, आपल्या भाषेत पॉइंटकडे जाणारी. मधल्या उंच टोपीतून जाड वायर निघते, तिच्यात काही हजार ते वीस हजार व्होल्ट. पॉइंट मिटले की बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून बॉडीत जातो, चार अँपिअरच्या आसपास. पॉइंट उघडले की तो तुटतो आणि तेवढ्यात ठिणगी पडते.

म्हणजेच कॉइल तपासायला इंजिन चालू असावं लागत नाही. फिरावंही लागत नाही. इंजिन करतं ते एवढंच की पॉइंट उघडतं-मिटतं, आणि ते काम हातानं होतं.

रस्त्यावर बंद पडलेल्या जुन्या पेट्रोल गाडीत हे असं करायचे. चावी ऑन. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट मिटलेले आहेत ना ते बघायचं, नसतील तर हँडलनं इंजिन किंचित फिरवायचं. झाकणाच्या मधोमध येणारी जाड वायर उपटून तिचं टोक लाकडी चिमट्यानं इंजिनच्या लोखंडापासून पाव इंचावर धरायचं. मग लाकडाच्या काडीनं पॉइंट झटकन उघडायचे. निळी, टप्प असा आवाज करणारी ठिणगी आली तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट तिन्ही बरे. पिवळी, मरतुकडी आली तर कंडेन्सर किंवा पॉइंटवर आधी संशय घ्यायचा, कॉइलवर नंतर. काहीच आली नाही तर दिवा हातात घ्यायचा.

दिव्याची परीक्षा मला यंदा कळली. पॉइंट मिटलेले असताना सीबी थेट बॉडीला जोडलेलं असतं, तिथं दिवा लागणारच नाही, कॉइल चांगली असली तरी. म्हणून पॉइंट उघडे ठेवावे लागतात आणि त्यांच्या मध्ये काहीतरी वीज न वाहणारं सरकवावं लागतं. जाड कागदाचा कपटा, पत्रिकेचा कोपरा. आता चावी ऑन केली की एसडब्ल्यूला दिवा लागला पाहिजे आणि कॉइलमधली जाड तार अखंड असेल तर सीबीलाही. "हितं लागतोय, तितं लागंना" याचा अर्थ एकच निघतो : वीज कॉइलच्या दारापर्यंत आली आहे आणि आत तार तुटली आहे. (सीबीची वायर बॉडीला घासत असेल तरीही दिवा लागत नाही. पण तसं असतं तर गार झाल्यावर गाडी आपोआप चालू झाली नसती.)

काकांनी घाटात, पाच मिनिटांत, नखाएवढ्या कागदावर निदान पुरं केलं होतं. ऐकायला त्यांच्याजवळ एक चिडलेला पाहुणा आणि एक आठ वर्षांची मुलगी होती.

पण नुसत्या आठवणीवर मला हे लिहायचं नव्हतं. कारण गॅरेजच्या मिस्त्रीची निळी ठिणगीही खरीच होती, ती बाबांनी स्वतः पाहिली होती. शिवाय आजोबांच्या रोजकीर्दीत त्याच महिन्यात लिहिलंय, "ड्रायव्हर हिशेब पुरा. गॅरेज – कॉइल ठीक." आणि पुढे जूनच्या पानावर, वेगळ्या शाईत, "मोटर – नवी कॉइल १ नग." मी ही ओळ चार वेळा वाचली. नव्या ड्रायव्हरनं मागितली असेल आणि आजोबांनी मुकाट्यानं आणली असेल. पण नवी आणली म्हणून जुनी खराब होती, हे सिद्ध होत नाही.

म्हणून ती कॉइल मागच्या पडवीत टेबलावर घेतली. इंजिन जाम, पॉइंट गंजून गेलेले, गाडीत काही करण्यासारखं नव्हतंच. स्कूटरची चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी, एक नवा कंडेन्सर, डब्यातलाच साफ केलेला प्लग, मीटर, कपडे वाळवायचे लाकडी चिमटे. बॅटरीचं एक टोक एसडब्ल्यूला. सीबीला एक मोकळी वायर, तीच माझे पॉइंट. कंडेन्सर सीबी आणि बॅटरीच्या दुसऱ्या टोकामध्ये, प्लगची बॉडीही त्याच दुसऱ्या टोकाला. मोकळी वायर त्या टोकाला क्षणभर टेकवायची आणि सोडायची.

सोडताना ठिणगी पडली. निळी. पन्नास वर्षांनी.

मीटरवर एसडब्ल्यू ते सीबी ३.१ ओहम. बारा व्होल्टच्या साध्या कॉइलला तीनच्या आसपास लागतोच. मधल्या टोपीपासून साडेसात हजारच्या जवळ, तेही ठीक. सीबीला दिवा लागला. म्हणजे मिस्त्री बरोबर, आजोबा बरोबर. खरं सांगते, त्या वेळी पोटात कालवलं.

मग कॉइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, टोकं वर राहतील अशी पातेल्यातल्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडवली आणि लॅबचा जुना थर्मामीटर सोबत ठेवला. घाटात बॉनेटखाली केवढं तापतं ते आठवा. तांब्याची तार तापली की तिचा रोध हळूहळू वाढतो, तो वाढत गेला, ३.३, ३.५. पासष्ट अंशांच्या जरा पुढे ३.६ वरून मीटरचा आकडा एकदम गेला. तार तुटलेली. एसडब्ल्यूला दिवा लावला, लागला. सीबीला लावला, लागला नाही. मोकळी वायर टेकवून सोडली, काही नाही. पाणी निवत गेलं तसा काही वेळानं आकडा परत आला.

आत कुठेतरी जोड सुटलेला असणार, गार असताना टेकलेला, तापून पसरल्यावर दूर होणारा. सकाळच्या गारव्यात गॅरेजमध्ये ही कॉइल पास होणारच होती. ताप उतरल्यावर नाडी बघून वैद्यानं पेशंटला खोटारडा ठरवावा, तसं झालं. मिस्त्रीनं गाडी घाटात नेली असती, निदान कॉइल तापवून पाहिली असती, तर त्याच दिवशी कळलं असतं.

(कुणी हे करून बघणार असाल तर : ठिणगीला जवळ रस्ता ठेवा, टोपीची वायर हवेत मोकळी सोडू नका, कॉइल आतून फुटते. वायर टेकवून धरून ठेवू नका, तापते. पेट्रोल जवळ नको. आणि आजकालच्या गाड्यांत, जिथं प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आणि मागे कॉम्प्युटर असतो, तिथं हे मुळीच करू नका, ते सर्किट जळेल आणि झटका फार मोठा असतो.)

आत्याला पुण्याला फोन केला. ती आता पंचाहत्तरीच्या पुढे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामानं कुलपं लावायला बारा वाजवले होते, ते मला त्याच रात्री कळलं होतं. पण अण्णांना कोण सांगणार?"

काकांचं गाव मला माहीत होतं, खानापूरच्या पलीकडे. ते २०११ मध्ये गेले. घरी त्यांची मुलगी भेटली, अंगणवाडीत होती, आता निवृत्त. मी कोण ते सांगितल्यावर तिनं बसायला चटई घातली, पण बोलायला वेळ लावला. बेळगावात कुणी कामावर घेईना म्हणून काका गोव्यात खाणींच्या ट्रकवर गेले, ते शेवटपर्यंत तिथेच. महिन्यातून एकदा घरी. ती म्हणाली, "बाबा सांगायचे, डिझेलला कॉइलच नसतीया, त्यामुळं कुणी चोर म्हणत न्हाई. आम्हाला वाटायचं, चेष्टा करतात."

बॅटरी, दिवा, पातेलं मी पिशवीतून नेलंच होतं. तिला विचारलं, दाखवू का. तिनं चुलीवर पाणी ठेवलं. गार कॉइलवर दिवा आधी दोन्ही टोकांना लावून दाखवला. मग कॉइल पाण्यात ठेवली, आम्ही दोघी चुलीपुढे बसलो. काही मिनिटांनी मी दिवा तिच्या हातात दिला. एसडब्ल्यूला लागला. सीबीला तिनं लावला, काढला, पुसून परत लावला. लागला नाही.

ती बराच वेळ दिवा हातात धरून होती. मग म्हणाली, "गार झाल्यावर परत लागतोय का बघूया." तिनं चहा टाकला. कॉइल पाण्यातून काढून उंबऱ्यावर वाऱ्याला ठेवली. वीसेक मिनिटांनी दिवा लागला.

कॉइल मी तिथेच ठेवून आले, तिनं मागितली म्हणून. गाडी अजून विकलेली नाही. भंगारवाल्याला दिवाळीनंतर या म्हणून सांगितलंय.